गर्भस्रावाचे आशौच

गर्भ पूर्णतेस न जाता गळून गेला, तर त्या घराने तो वियोग कोणत्या रीतीने पाळावा, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी टाळलेला नाही. सांत्वनाची भाषा मात्र त्यांनी वापरली नाही. त्यांनी आशौचाचे दिवस मोजले. ही मोजणी म्हणजे निव्वळ विटाळाचा हिशेब, असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु तीत त्याहून अधिक काही आहे, असे आम्हांस वाटते.

जितके महिने गर्भ राहिला तितक्या रात्रींनी माता शुद्ध होते, असे मनु व याज्ञवल्क्य दोघेही सांगतात. पराशराने भेद अधिक नेमका केला: चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात आणि पुढे प्रसूतीच. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (शके १७१२, इ. स. १७९०) महाराष्ट्रातील भिक्षुकांच्या नित्य हाती असे. त्यात पहिल्या तीन महिन्यांतील स्रावासही मातेस तीन दिवस सांगितले आहेत. ज्या गर्भाची वार्ता कदाचित शेजारीही पोचली नव्हती, त्याच्यासाठी ती स्त्री तीन दिवस चूल व देवघर यांपासून दूर राही. अशा दूर बसविण्यात अपमान होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सासुरवाशिणीस स्वस्थ पडून राहण्याचा अधिकार दुसऱ्या कोणत्या कारणाने मिळत होता, तेही पाहिले पाहिजे!

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. पात झाला असता पिता व सपिंड यांस तीन दिवस, आणि सातव्या महिन्यापासून पूर्ण आशौच. परंतु ते मृताशौच नव्हे, जननाशौच. मूल मृतच जन्मले तरी घरात जन्म झाला, असे शास्त्र धरते. हा निर्णय कठोर म्हणावा की कोमल? मृताशौच नाही म्हणून तिलोदक नाही, पिंड नाही, श्राद्धतिथी नाही. दोन वर्षांच्या आतील बालकासही अग्नी न देता पुरावे, असाच स्मृतींचा दंडक. मग अजाताची काय कथा? गेलेल्या जीवाच्या नावाने रडण्यास असे स्थानच ठेवले नाही. तथापि जिची कूस रिकामी झाली तिला प्रसूता म्हटले, तिचे मातृत्व अमान्य केले नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

पित्याच्या वाट्यास याहून थोडे आले. चौथ्या महिन्यापर्यंतच्या स्रावास त्याला केवळ स्नान. ते आटोपून तो संध्येस बसे, आणि त्या दिवशी घरात काय घडले हे गावास कळण्याचे कारण उरत नसे.