कुंपणातली वीज: शस्त्र की शिकवण?



‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण आपण विश्वासघाताबद्दल बोलताना वापरतो. आज ती जरा शब्दशः घेऊ. आपल्याकडे शेताभोवतीच्या विजेच्या तारेनं कधी वाघ मारला, कधी शेजारचा गडी, तर कधी खुद्द शेताचा मालक. हे असं का होतं, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

विजेची तार माणसाच्या कल्पनेत शस्त्र म्हणूनही आली. मार्क ट्वेनच्या १८८९ सालच्या एका कादंबरीच्या शेवटी अशाच तारांना चिकटून सरदारांचं सैन्य मरतं. पुढे १९१५ मध्ये जर्मन सैन्यानं बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर खरोखरच तसं कुंपण उभारलं. त्यात सुमारे २००० व्होल्टचा प्रवाह होता. देश सोडून पळू पाहणारी शेकडो माणसं त्या तारेवर गेली.

मग हीच तार गुराढोरांच्या कामाला कशी आली? न्यूझीलंडच्या वायकाटो भागात १९३०च्या दशकात बिल गॅलाघर नावाचा एक शेतकरी होता. त्याचा घोडा येऊन मोटारीला अंग घासायचा, म्हणून त्यानं मोटारीलाच झटक्याची व्यवस्था जोडली, अशी गोष्ट सांगतात. घोडा मेला नाही, शिकला. त्यातून कुंपणाची यंत्रं बनू लागली. १९६२ मध्ये तिथल्याच डग फिलिप्स यांनी वीज साठवून एकदम सोडणारं यंत्र काढलं. गवत तारेला टेकलं तरी झटका दूरपर्यंत पोचू लागला. मग एक हलकी तार रोज थोडी पुढे सरकवायची आणि गाईंना रोज ताजं गवत द्यायचं, अशी चराईची पद्धत रुळली.

आता मुद्द्याची गोष्ट. या तारेत हजारो व्होल्ट असतात, तरी जनावर मरत नाही. का? कारण झटका सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता असतो आणि मग साधारण सेकंदभर तार शांत असते. तेवढ्यात जनावर मागं हटतं. घरातली वीज २३० व्होल्टचीच, पण ती थांबत नाही. स्नायू आखडतात, हात सुटत नाही, हृदयाची लय बिघडते. म्हणजे जीव वाचतो तो मधल्या त्या उसंतीमुळे.

आपल्याकडे ‘झटका मशीन’ आलं, सौर कुंपण आलं. महाराष्ट्रात जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदानही मिळतं. पण एका रात्रीत रानडुकरांनी भुईमूग उकरलेला, रोह्यांनी हरभरा तुडवलेला शेतकरी अनुदानाची वाट किती दिवस पाहणार? जागल करून थकलेला माणूस मग खांबावर आकडा टाकतो आणि साध्या तारेत थेट वीज सोडतो. त्याची चीड मला समजते. पण शेतीला वीज अनेकदा रात्रीच मिळते. म्हणजे पाणी द्यायला निघालेला दुसरा शेतकरी त्याच अंधारात, त्याच बांधावरून चालत असतो. त्याचा काय गुन्हा? कायद्यानं तर हा गुन्हा आहेच.

झटका मशीन म्हणजे जादू नव्हे, हेही सांगतो. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं आणि झटकाही. हत्ती तर सुळ्यानं तार तोडतो, कारण सुळ्यातून वीज जात नाही. तण काढणं, बॅटरी पाहणं, तार ताणणं हे रोजचं काम आहे. ते गावानं मिळून केलं तरच टिकतं.

तेव्हा तार तीच, वीजही तीच. समोरच्याला मागं हटायला अवधी द्यायचा की नाही, एवढाच फरक आहे. आणि तो ठरवणारे आपणच आहोत. यंत्राच्या किमतीचं कारण देऊन ती जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर टाकणं, हे मला अन्यायाचं वाटतं.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.