नाशिकच्या वायनरींची वाट

मुंबईहून मोटारीने नाशिकच्या वायनरी पाहावयास जाणाऱ्यांनी जानेवारी ते मार्च हा काळ साधावा. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी झालेल्या वेलींवरील द्राक्षांची तोडणी तेव्हा चालू असते. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात, पण वेलीवर घड नसतात. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला आणि यॉर्क या वायनरी एकमेकींजवळच आहेत.

शेनिन ब्लां, शिराझ ही वाइनची द्राक्षे खाण्याच्या थॉमसन सीडलेससारखी नव्हेत; ती लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. तांबड्या वाइनचा रंग नि तुरटपणा मुख्यतः सालीतूनच उतरतो. चव घेताना पांढरीपासून तांबडीकडे जावे. पेला हलकेच फिरवून आधी वास घ्यावा, घोट तोंडात घोळवावा आणि ठेवलेल्या भांड्यात थुंकावा. आपल्याकडे हे असभ्य वाटते खरे. जाणकारांत मात्र तो रिवाजच आहे. परतताना कसारा घाट उतरायचा असतो, आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा ठरतो. थुंकूनही थोडा अंश अंगात जातोच. त्यामुळे चालकाने वासावरच समाधान मानावे. त्याच्या वाट्याची बाटली घरी उघडता येते.