मध्यरात्रीची अदलाबदल

नागपूरच्या लकडगंजातल्या वखारींना आणि आरामशीनींना रेल्वे पुरेशी होती. सागाचा ओंडका चार दिवस उशिरा आला तरी सडत नाही. पण त्याचा भाव कळवणारं पत्र चार दिवसांनी आलं तर ते रद्दीच. नागपूरच्या विमानवाहतुकीचा इतिहास या फरकातून वाचायला हवा. आपण मात्र झिरो माईलचा खांब दाखवतो आणि म्हणतो, शहर देशाच्या मधोमध, म्हणून ते विमानांचं केंद्र झालं. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. नागपूरला महत्त्व मिळालं ते अंतरापेक्षा वेळेमुळे, आणि ती वेळ ठरवली डाकोटा विमानाच्या वेगाने.

30 जानेवारी 1949 रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत विमानं परतलेली असत. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून देशांतर्गत पत्रं जादा आकाराविना विमानाने जाऊ लागली. सोनेगावहून मुंबई सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर, दिल्ली 850, मद्रास 910, कलकत्ता 980. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या डाकोटाला मुंबईहून अडीच तास लागत, कलकत्त्याहून साडेतीन. म्हणजे चारही विमानांनी एका वेळी पोचायचं तर कलकत्त्याच्या विमानाने तासभर आधी निघायचं. मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास हे दोन्ही कर्ण नागपूरवरून गेले तरी फारसे लांबत नाहीत, ही या रचनेची खरी किमया. चारच विमानांत सहा शहरजोड्या साधल्या जात.

यावर कोणी म्हणेल, मुंबई-दिल्ली थेट जेमतेम साडेअकराशे किलोमीटर; नागपूरमार्गे तेच पंधराशेच्या वर जातं. हा वळसा कशासाठी? आक्षेप बरोबर आहे, पण तो नकाशावरचा आहे. संध्याकाळी पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशीच्या वाटपात येतं की नाही, एवढंच टपालखात्याला बघायचं होतं. रात्री पडलेला चारशे किलोमीटरचा फेरा पत्र घेणाऱ्याला जाणवत नसे. त्याची किंमत मात्र वैमानिकांनी मोजली. 12 डिसेंबर 1953 रोजी नागपूरहून उडताच एक डाकोटा कोसळलं आणि त्यातली बहुतेक माणसं गेली. सकाळच्या पत्रामागची ही जोखीम आपण विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मध्यवर्तीपणा खरोखरच निर्णायक नसता तर सरकारने पुढे मिहानचा मालवाहतूक प्रकल्प इथेच का आणला? पण मध्यवर्तीपणाच निर्णायक असता तर रात्रीची ती सेवा टिकायला हवी होती. 1964 मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल जेट आली, पुढे बोइंग 737 आली. मुंबईहून कलकत्ता कितीतरी लवकर गाठता येऊ लागलं आणि पुढे सोनेगावची मध्यरात्रीची अदलाबदल संपली. नागपूर होतं तिथेच होतं, अंतरंही तीच होती. बदलला तो विमानाचा वेग. मिहानची चर्चा करणाऱ्यांनी म्हणूनच खांबापासून नव्हे, घड्याळापासून सुरुवात करावी: इथे थांबल्याने कोणत्या मालाचे किती तास वाचतात, हे आधी सांगावं.