विद्यापीठातील संशोधन दुकानातील पाकिटापर्यंत कसे येते?

निविष्ठांच्या दुकानात ‘कृषी विद्यापीठाचे तंत्रज्ञान’ असे छापलेली जैविक उत्पादने आता सर्रास दिसतात. त्यातील काहींना विद्यापीठाने रीतसर परवाना दिलेला असतो. काहींचा विद्यापीठाशी संबंध फक्त छपाईपुरता असतो. हा फरक ओळखायचा तर संशोधनाचे उत्पादन कसे होते, हे माहीत हवे. येथे मुख्यतः ट्रायकोडर्माचे उदाहरण घेतले आहे. हरभरा, तूर, हळद, आले पिकवणाऱ्या बहुतेकांनी ते कधी ना कधी वापरलेले असते.

शोध आणि त्यावरील हक्क

मर रोगाने झोडपलेल्या हरभऱ्यात एखादे झाड हिरवेगार उभे असते. संशोधक त्याच्या मुळाभोवतीची माती आणतो, त्यातून ट्रायकोडर्मा वेगळी करतो आणि काचेच्या बशीत मर रोगाच्या बुरशीसमोर वाढवून पाहतो. पुढे कुंडीत आणि मग शेतात काही हंगाम चाचण्या होतात. टिकलेल्या स्ट्रेनला क्रमांक दिला जातो.

या स्ट्रेनचे पेटंट घेता येते का? निसर्गात सापडलेल्या सजीवाच्या निव्वळ शोधाला भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार पेटंट मिळत नाही. शेतीच्या पद्धतीलाही मिळत नाही. म्हणून अर्ज होतो तो बहुधा बुरशी जास्त काळ जिवंत ठेवणाऱ्या मिश्रणासाठी किंवा ती तयार करण्याच्या प्रक्रियेसाठी. स्ट्रेन चंडीगड किंवा पुणे येथील मान्यताप्राप्त सूक्ष्मजीव संग्रहात जमा करता येतो. त्यात भारतीय जैविक संसाधन वापरलेले असल्याने जैवविविधता कायदा, २००२ मधील तरतुदीही पाळाव्या लागतात. ज्याच्या शेतातून माती आणली, त्याचे नाव मात्र या कागदांत सहसा नसते.

सार्वजनिक पैशातील संशोधनाची मालकी कोणाची, यासाठी अमेरिकेत १९८० मध्ये स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे तशा धर्तीचे विधेयक २००८ मध्ये संसदेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे प्रत्येक संस्था आपापल्या धोरणानुसार चालते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००६ मध्ये मार्गदर्शक सूचना केल्या आणि २०११ मध्ये तंत्रज्ञान विक्रीसाठी ‘अॅग्रीइनोव्हेट इंडिया’ ही कंपनी स्थापन झाली.

परवाना: एकाला की अनेकांना?

विद्यापीठ सहसा स्वतः कारखाना काढत नाही. ते करार करून मूळ कल्चर व कृती कंपनीला देते. त्याबदल्यात सुरुवातीला ठरावीक शुल्क घेते आणि अनेकदा पुढील विक्रीवर रॉयल्टीही. करार एकाच कंपनीशी होऊ शकतो किंवा अनेकांशी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने, जी अभिमत विद्यापीठही आहे, ‘पुसा डीकंपोजर’ अनेक कंपन्यांना दिले. चार कॅप्सूल, गूळ आणि बेसन वापरून २५ लिटर द्रावण घरीच तयार होते आणि ते एक हेक्टरवरील काडासाठी पुरते.

शेतकऱ्याला स्वस्त पडावे म्हणून अनेकांना परवाना देणे मला योग्य वाटते. पण त्याची दुसरी बाजू आहे. कीडनाशक म्हणून विकायच्या जैविक उत्पादनाची कीटकनाशक कायदा, १९६८ खाली फरिदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे नोंदणी लागते. त्यासाठी परिणामकारकता, विषारीपणा आणि साठवणूक यांची माहिती द्यावी लागते. हा खर्च आपण करायचा आणि बाजार दहा जणांनी वाटून घ्यायचा, याला कंपन्या नाखूश असतात. मग उत्पादन एक तर बाजारात येत नाही किंवा ‘वाढवर्धक’ नावाने आडमार्गाने येते.

बिघडते ते इथे

प्रयोगशाळेतील फ्लास्कमध्ये मिळालेला निकाल मोठ्या टाकीत तसाच मिळेल, याची खात्री नसते. टाकीत दुसरे जिवाणू शिरतात. एकाच कल्चरपासून पुन्हा पुन्हा वाढ घेत राहिल्यास स्ट्रेनची ताकद कमी होऊ शकते. म्हणून विद्यापीठाकडून ताजे मूळ कल्चर वेळोवेळी आणावे लागते. करार झाल्यावर ते आणले जाते का, हे कोणी तपासत नसेल तर पाकिटावरील विद्यापीठाच्या नावाला अर्थ उरत नाही.

काही वर्षांपूर्वी हळदीतील कंदकूज आटोक्यात येत नाही, अशी तक्रार घेऊन काही शेतकरी माझ्याकडे आले होते. पाकिटावर सगळे नीट होते, मुदतही शिल्लक होती. चौकशीत कळले, की माल एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या गोदामात पडून होता. त्यातील नमुना तपासला तर जिवंत बुरशी जवळपास नव्हतीच. मूळ संशोधन चांगलेच होते. शेतकऱ्यांनी मात्र शंखजिऱ्याच्या भुकटीचे पैसे मोजले होते.

ट्रायकोडर्मा व्हिरिडी १ टक्का पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीत प्रति ग्रॅम किमान २० लाख सीएफयू असावे लागतात. लेबलवर हा आकडा, नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि अंतिम तारीख पाहावी. स्ट्रेनचे नाव असेल तर संबंधित विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाला फोन करून ‘या कंपनीला परवाना दिला आहे का’ एवढे विचारावे. विस्तार कार्यकर्त्यांनी गटासाठी खरेदी करताना हे आधीच करून घ्यावे. विद्यापीठाच्या विक्री केंद्रावर माल मिळत असेल तर तोच घ्यावा. फक्त हंगामाच्या तोंडावर तो लवकर संपतो, म्हणून मागणी आधी नोंदवावी.

स्वतःचा उद्योग काढायचा असेल तर

कृषी पदवीधर किंवा शेतकरी उत्पादक कंपनीलाही असा परवाना घेता येतो. स्वतःची नवी कल्पना असेल, तर अर्ज करण्यापूर्वी ती प्रदर्शनात मांडू नये, व्हिडिओत दाखवू नये की लेखात छापू नये. उघड झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणे कठीण होते. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या ‘रफ्तार’ उपक्रमातून कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि उद्योग उभारणीच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद केलेली आहे. चालू अटी जवळच्या कृषी इनक्युबेशन केंद्रात विचाराव्यात.

वाणांचे नियम वेगळे

वनस्पतींना पेटंट नाही. वाणांसाठी २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. त्यात हंगामी पिकांच्या वाणाला १५ वर्षे, तर झाडे व वेलींच्या वाणाला १८ वर्षे संरक्षण मिळते. तरीही नोंदणी झालेल्या वाणाचे बियाणे शेतकरी राखू, पेरू, एकमेकांना देऊ आणि विकूही शकतो. ब्रँडच्या नावाने पाकीटबंद करून विकणे तेवढे चालत नाही.

याच कायद्याच्या कलम ३९ (२) नुसार पैदासकाराने नोंदणीकृत वाण कोणत्या परिस्थितीत किती उत्पादन देईल, हे शेतकऱ्याला सांगायला हवे. तसे उत्पादन आले नाही तर प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. त्यासाठी बिल, पिशवी आणि टॅग काढणी होईपर्यंत जपून ठेवावेत आणि पेरणीची तारीख, खते व पाऊस यांची नोंद वहीत करावी. पीक उभे असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा करून घ्यावा.