तापल्या लोखंडाला धूर नसतो

राज्य सरकारने 5 मार्च 2025 रोजी एक शासन निर्णय काढला. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या हाताखाली मीडिया मॉनिटरिंग सेंटर उभे करायचे, त्यावर दहा कोटी रुपये खर्चायचे, सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत वर्तमानपत्रे, वाहिन्या आणि समाजमाध्यमे चाळायची आणि सरकारविषयीच्या बातम्या सकारात्मक व नकारात्मक अशा दोन ढिगांत टाकायच्या. दिशाभूल करणारी बातमी दिसली की खुलासा तिथल्या तिथे. अचलपूर-परतवाड्यात हे वाचून कोणी फारसे दचकले नसावे. जिल्हा माहिती कार्यालयातून साहेबांच्या टेबलावर रोज सकाळी कात्रणे जातात, त्यातली एखादी लाल शाईने खूण होऊन खाली तालुक्याला येते आणि ‘तात्काळ खुलासा सादर करावा’ या शेऱ्याने एका कारकुनाची दुपार खराब होते, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. कात्री जुनीच. तिला आता वीज जोडली, एवढेच.

पत्रकारांवर पाळत ठेवण्याचा हा डाव आहे का, हा प्रश्न वेगळा. माझा आक्षेप त्याहून साधा आहे. या सगळ्याच्या मुळाशी जी समजूत आहे तीच मला कच्ची वाटते. बातम्यांवर बारीक नजर ठेवली की संकट लवकर कळते, आणि लवकर कळले की आवरता येते, अशी ती समजूत. जनसंपर्काच्या अभ्यासक्रमांत ती शिकवतात, कंपन्या तिच्यासाठी पैसे मोजतात, आता सरकारेही मोजू लागली.

आधी पूर्वपक्षाला त्याचे श्रेय देऊ. या मताच्या बाजूने हमखास सांगितला जाणारा दाखला टायलेनॉलचा. 1982 च्या सप्टेंबरअखेरीस शिकागोच्या परिसरात डोकेदुखीच्या या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात माणसे मेली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला पहिली कुणकुण लागली ती एका वार्ताहराच्या फोनवरून. म्हणजे बातमीकडे कान असण्याचा उपयोग झाला, हे मान्य. पण त्याच कथेतला दुसरा तपशील सहसा कोणी सांगत नाही. मृतांच्या घरी गेलेल्या एका सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने टायलेनॉलची बाटली उपडी करून कॅप्सूल मोजल्या. सहा कमी होत्या आणि घरात माणसे तीन मेली होती. संकट तिला दिसले, आणि ते मोजण्यातून दिसले. पुढे कंपनीची अब्रू वाचली ती सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्यामुळे. निवेदने तिनेही काढली, पण त्यांना वजन आले ते या बाटल्यांचे.

आता आपल्या न्यायशास्त्राकडे वळतो. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे विस्तव आहे, हे अनुमानाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. अचलपुरात ते शिकवायला फळा लागत नाही; उत्तरेला गाविलगडचे डोंगर उभेच आहेत आणि फाल्गुन-चैत्रात तिथे वणव्याचा धूर दिसतो. पण नैयायिकांनी लगेच बजावून ठेवले आहे की हे विधान उलटे फिरवता येत नाही. धूर तिथे विस्तव असतो; विस्तव तिथे धूर असेलच असे नाही. त्यासाठी ते तापवलेल्या लोखंडी गोळ्याचा दृष्टांत देतात. आत विस्तव ठासून भरलेला, बाहेर धुराचा पत्ता नाही. धूर नाही म्हणून कोणी हात लावला तर भाजेलच.

माध्यमांवर नजर ठेवणारे नेमकी हीच चूक करतात. कात्रण आले नाही, म्हणजे सारे ठीक.

मेळघाट हा असा तापलेला गोळा आहे. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके, बहुसंख्य वस्ती कोरकूंची. कोरकू भाषेत दैनिक निघत नाही आणि कित्येक गावांत अजून मोबाईलला रेंज नाही. मुंबईतल्या केंद्रात चौदा तास पडद्याकडे पाहत बसलेल्या माणसाला तिथून काय ऐकू येणार? पावसाळ्यात घरातले धान्य संपते, मुले आजारी पडतात. दिवाळीनंतर कुटुंबे कामासाठी खाली मैदानात उतरतात आणि अंगणवाडीच्या वहीतून निसटतात. मूल फारच खालावले की त्याला परतवाड्याच्या रस्त्याने अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर पुढे अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात आणतात. तिथे पोचेपर्यंत बातमी नसते. बहुतेक वेळा नंतरही नसते.

1993 साली मेळघाटातले बालमृत्यू वर्तमानपत्रांत गाजले, मंत्री धावले, योजना आल्या. त्या वर्षी मुले अचानक मरू लागली असे कोणीच म्हणणार नाही. अचानक आली ती बातमी. त्यानंतर दर पावसाळ्यात बातमी आणि खुलासा यांची जुगलबंदी ठरलेली. बातमी म्हणते, कुपोषणाने मृत्यू. खुलासा म्हणतो, मृत्यूचे कारण न्यूमोनिया, कमी वजन, मुदतपूर्व प्रसूती. खुलासा खोटा नसतो, हीच त्यातली गंमत. भुकेल्या मुलाला न्यूमोनिया गाठतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियाच लिहावा लागतो. बैरागडला आयुष्य घालवलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हेंपासून अनेकांनी हे समजावून सांगितले आहे. पण ‘नकारात्मक’ ढिगातली बातमी एकदा तांत्रिक शब्दाने खोडून काढली की फाईल बंद होते. बातमी आवरली, आता पुढची. नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर पुन्हा मेळघाटच आला. जूनपासून 65 बालके दगावल्याची माहिती होती. 2006 पासून आम्ही आदेश देतो आहोत, कागदावर सगळे आलबेल आणि जमिनीवर वेगळेच, असा न्यायालयाच्या बोलण्याचा रोख होता. एकोणीस वर्षांत कात्रणांची काही कमी नव्हती.

कोणी म्हणेल, मेळघाट दुर्गम आहे, त्याचा दाखला सरसकट लावू नका. मग खालच्या काळ्या मातीतले उदाहरण घ्या. 2017 चा खरीप. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, दाट माजली होती. फवारणी करणारा मजूर झाडांच्या आत शिरायचा आणि औषध त्याच्याच तोंडावर, छातीवर उतरायचे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विषबाधेचे रुग्ण जुलै-ऑगस्टपासून येत होते. अकोला, अमरावतीतही येत होते. राज्यभर बोंब उठली ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तोवर एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे गेली होती. मग अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांवर विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी आली, तीही नोव्हेंबरात, फवारणीचा हंगाम सरत आल्यावर.

या प्रकरणात माध्यमांवर अष्टौप्रहर नजर असती तरी ती सप्टेंबरच्या शेवटापर्यंत कोरडीच राहिली असती. बघायचे होते ते वॉर्डातले रजिस्टर. विशेष म्हणजे कायद्याला हे पन्नास वर्षांपूर्वी सुचले होते: 1968 च्या कीटकनाशक कायद्याचे 26 वे कलम विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. विस्तवाची नोंद विस्तवापाशीच करण्याची ती तरतूद होती. तिच्यासाठी दहा कोटींचे केंद्र लागत नाही. एक टेलिफोन आणि तो उचलणारा माणूस लागतो.

धूर दिसला आणि तो वाचणाराही तयार असला, तरी काय होते? याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. देशी वर्तमानपत्रांचे आठवड्याला भाषांतर करून गोपनीय गोषवारा छापायची पद्धत इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकातच बसवली होती. माध्यमांवर नजर ठेवण्याची इतकी चोख व्यवस्था क्वचितच कोणाकडे असेल. 1897 च्या वसंतात पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोरे सोल्जर घराघरांत घुसत होते आणि ‘केसरी’च काय, नेमस्तांचा ‘सुधारक’ही त्यावर तुटून पडला होता. म्हणजे लोक किती संतापले आहेत ते सरकारच्या टेबलावर इंग्रजीत, मुद्देसूद, दर आठवड्याला येत होते. 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी चालली. त्यानंतर सरकारने ‘केसरी’चा 15 जूनचा अंक बारकाईने वाचून काढला आणि त्यातून टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा केला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या डिसेंबरात अमरावतीला सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली तेव्हा टिळक तुरुंगात होते. सारे वाचले गेले होते. पण वाचणाऱ्याने स्वतःला प्रश्न एकच विचारला होता: हे आपल्याविषयी वाईट बोलतात का?

‘सकारात्मक-नकारात्मक’ या वाटणीत हाच प्रश्न लपलेला आहे. शिवाय बातम्यांची मोजदाद फसवते ती वेगळीच. आमची शकुंतला घ्या. मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरो गेज गाडी स्वातंत्र्यानंतरही गोऱ्या कंपनीची राहिली, हे नवल देशभरातल्या वर्तमानपत्रांनी किती वेळा छापले याची गणती नाही. कुठल्याही यंत्राने चाळले तर शकुंतला म्हणजे प्रचंड चर्चेतला विषय! आणि गाडी बंद पडून वर्षे लोटली.

एके ठिकाणी मात्र पूर्वपक्षाचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो. नोव्हेंबर 2021 मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या बातम्यांवरून अमरावतीत मोर्चा, मग बंद, मग दगडफेक झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. 17 एप्रिल 2022 ला अचलपुरात दुल्हा दरवाज्यावरच्या झेंड्यावरून तसेच पेटले. असल्या वेळी मोबाईलवर फिरणारा मजकूर हाच विस्तव असतो. तिथे बोलण्यावर लक्ष ठेवणे आणि खरी माहिती ताबडतोब देणे याला पर्याय नाही. अफवा शब्दांतच जन्मते, म्हणून शब्दांत सापडते. भूक, विष, गळके छप्पर हे शब्दांत जन्मत नाहीत.

मग करायचे काय? कात्रणे बंद करा, असे मी म्हणत नाही. फक्त त्यांच्यावरचा शेरा बदला. ‘खुलासा सादर करावा’ याऐवजी ‘ही गोष्ट वार्ताहराच्या आधी आपल्या नोंदवहीत का नव्हती?’ असे विचारा. 2001 साली डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने आणि सोबतच्या संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. त्यांचे कार्यकर्ते घरोघर गेले, जन्म आणि मृत्यू मोजले, आणि सरकारी नोंदींत दिसतात त्याच्या कितीतरी पट बालमृत्यू प्रत्यक्षात होतात असे निघाले. त्यावर नुसते खुलासे करून भागले नाही. सरकारला बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमावी लागली. आकड्याला उत्तर देण्यासाठी आकडाच मोजावा लागतो.

हे जमत नाही असे नाही. त्याच गाविलगडच्या डोंगरात ते चालू आहे, फक्त दुसऱ्या खात्यात. वणव्यासाठी मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा वनरक्षक आता केवळ धुराच्या भरवशावर नसतो. जमिनीवरची उष्णता टिपणाऱ्या उपग्रहाकडून भारतीय वन सर्वेक्षण संस्थेमार्फत ठिकाणाचा अक्षांश-रेखांश वन विभागाला कळतो आणि रक्षक झाडाच्या फांद्या घेऊन तिकडे निघतो. कधी खरेच रान पेटलेले असते. कधी कोणी शेताचा धुरा जाळत असतो; मग तो तसे वहीत लिहितो आणि परत फिरतो.