भिवंडीची खाडी : यंत्रमागांच्या आधीचं बंदर

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड, गोदामं आणि ट्रकच्या रांगा आठवतात. किनाऱ्यावर फिरायला जायचं तर आपण अलिबाग, मुरुड म्हणतो, भिवंडीचं नाव कुणीच घेत नाही. आज मला भिवंडीच्या पाण्याबद्दलच बोलायचंय.

नकाशा उघडा. शहराजवळून कामवारी नदी वाहते, ती उल्हासच्या खाडीला मिळते आणि ही खाडी पुढे वसईजवळ समुद्राला. म्हणजे भिवंडीतून होडीनं थेट समुद्रात जाता यायचं.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि ही खाडी त्यांच्या हाती आली. आरमार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिंधुदुर्ग येतो. पण १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी आणि पनवेलला लढाऊ जहाजं बांधल्याचा उल्लेख आहे. पोर्तुगीजांना याची धास्ती का? कारण खाडीचं तोंड वसईला आणि तिथला किल्ला त्यांचा! म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचा श्रीगणेशा झाला तो इथे, खाडीच्या आतल्या अंगाला.

मग बंदर गेलं कुठे? १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली, भिवंडी बाजूला राहिली. हळूहळू माल होडीतून रुळांवर आणि रस्त्यांवर गेला. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतून विणकर येऊन वसले. त्यांच्या हातमागांच्या जागी पुढे यंत्रमाग आले. शहराला नवं पोट मिळालं, पाणी मात्र पाठीमागे पडलं.

आता फिरायचं कुठे? आधी लोणाड. इथे डोंगरात बौद्ध लेणं आहे, गावात शिलाहारकालीन शिवमंदिर. मग वज्रेश्वरी. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर मंदिर बांधलं, असं सांगतात. तिथून जवळच तानसा नदीकाठी अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. मुंबई-ठाण्याहून सकाळी निघालात तर एका दिवसात सगळं होतं.

पण परतताना कामवारीच्या पुलावर क्षणभर थांबा. खाली दिसणाऱ्या काळ्या पाण्याला आपण सरळ नाला म्हणून मोकळे होतो. जहाजं गेली, ती वेळ गेली, ठीक आहे. पण या पाण्याला एकदा नाला म्हटलं की ते साफ करा असं सांगायलाही कुणी उरत नाही. म्हणून निदान आपण तरी तिला खाडीच म्हणूया.

भेटू पुढच्या भागात!