हत्यारांचा कायदा

खंडेनवमीच्या दिवशीं आपल्या शहरी घरांत काय चालतें, तें सर्वांच्या परिचयाचें आहे. पाटावर विळी, कात्री, अडकित्ता मांडावयाचा, वर हळदकुंकू आणि झेंडूचें फूल वाहावयाचें, कीं शस्त्रपूजा झाली. या पूजेंत शस्त्र तेवढें नसतें, याचें कोणालाच आश्चर्य वाटत नाहीं. पेशवाईच्या काळांत मात्र पाटावर खरोखरीची तलवार असे, सरदारांच्या वाड्यांत तोड्याची बंदूकहि असे. ती पाटावरून उठली कशी, हें आपण शाळेंत शिकलों आहों. आपलें राज्य आल्यावरहि ती पहिल्यासारखी परत कां आली नाहीं, हें फारसें कोणी सांगत नाहीं. माझ्या आजच्या भाषणाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे.

१८५७ चा उठाव चालूं असतांनाच कंपनी सरकारनें हत्यारें व दारूगोळा यांची आयात, उत्पादन आणि विक्री यांवर निर्बंध घातले. १८६० सालीं ते नव्या कायद्यानें पुढें चालविण्यांत आले. अयोध्या प्रांतांत उठाव मोडतांच तालुकदारांच्या गढ्या पाडून लाखोंच्या संख्येनें हत्यारें गोळा करण्यांत आलीं. पण सबंध देशाला जो जाचला, तो लॉर्ड लिटन यांच्या अमदानींतला १८७८ चा अकरावा कायदा. देशी वर्तमानपत्रांचा गळा दाबणारा कायदाहि त्याच सालचा. तो लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत गेला. हत्यारांचा कायदा मात्र स्वराज्य आल्यावरहि पंधरा वर्षें टिकला. तोफेपासून संगिनीपर्यंत आणि तलवार, खंजीर, भाला येथपासून थेट धनुष्यबाणापर्यंत सर्व कांहीं त्यानें ‘हत्यार’ या शब्दांत बसविलें. परवान्यावांचून हत्यार घेऊन फिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शके.

परवान्याची अट एवढ्यानेंच कोणाला अपमानास्पद वाटली नसती. खरी बोच होती ती सवलतींत. युरोपियन मनुष्याला परवाना लागत नसे. संस्थानिक व कांहीं पदव्यांचे मानकरी यांनाहि सूट होती. म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर काल उतरलेला गोरा कारकून खांद्यावर बंदूक टाकून खुशाल शिकारीला जाई, आणि ज्याचे पूर्वज पानिपतावर पडले त्यानें कलेक्टरच्या कचेरींत अर्ज करावा! कायदा झाल्यानंतरच्याच वर्षीं, १८७९ सालीं, वासुदेव बळवंत फडके यांनीं पुणें जिल्ह्यांत रामोशी मंडळींना हाताशीं धरून बंड उभारलें. त्यांना हा कायदा अडवूं शकला नाहीं. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या कुणब्याला मात्र तो अडवीत होता. हा युक्तिवाद त्या काळीं पुढाऱ्यांच्या तोंडीं वारंवार येई, आणि तो खोटा नव्हता.

१८८७ सालीं मद्रासच्या राष्ट्रीय सभेनें कायद्याच्या तरतुदी सैल करण्याची मागणी केली. मग ती मागणी मागें पडली नाहीं. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं काढलेल्या पत्रकांत गांधीजींनीं सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत इतिहासाला सर्वांत काळा दिसेल, अशा अर्थाचें लिहिलें. अहिंसेच्या उपासकानें तें लिहावें, याचा पुष्कळांना अचंबा वाटतो. मला तसा वाटत नाहीं. ज्याच्या हातीं शस्त्र असूंच शकत नाहीं, त्यानें शस्त्र टाकलें या म्हणण्याला अर्थ तो काय? १९२० च्या नियमांनीं वंशावरून मिळणारी सूट काढून टाकली, तरी मागणी राहिलीच. १९२८ च्या नेहरू अहवालांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला गेला. जानेवारी १९३० मध्यें गांधीजींनीं व्हाइसरॉयांपुढें जीं अकरा कलमें ठेवलीं, त्यांत मिठावरील कराच्या शेजारीं स्वसंरक्षणासाठीं बंदुकीचे परवाने देण्याचें कलम आहे. मिठाचें कलम सर्वांच्या लक्षांत राहिलें, हें विसरलें गेलें. १९३१ च्या कराची ठरावांतील हक्कांच्या यादींतहि तो हक्क होताच.

आतां १९४८ च्या डिसेंबरांत दिल्लीला येऊं. घटना समितींत स्वातंत्र्याच्या हक्कांचा मसुदा चर्चेला होता. हरि विष्णु कामत यांनीं उपसूचना आणली कीं नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क यांत जोडावा. नवें कांहींच ते मागत नव्हते. साठ वर्षांची जुनी मागणी ते आपल्याच माणसांकडे करीत होते. उत्तर देण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले. कोणाहि माणसाला बाजारांत जाऊन निर्बंधावांचून हल्ल्याचीं साधनें विकत घेतां येऊं लागलीं, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढें त्यांनीं आणखी एक मुद्दा मांडला, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आग्रह धरावयाचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, तर देशावर संकट आल्यास शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असें ते म्हणाले. उपसूचना फेटाळली गेली. आज घटनेच्या एकोणिसाव्या कलमांत शस्त्राचा उल्लेख आहे, पण तो उलट बाजूनें : नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो शांततेनें आणि विनाशस्त्र.

हा विश्वासघात होता काय? त्या सभागृहांतील लोक नुकतेच फाळणीचा रक्तपात पाहून आले होते. त्याच वर्षींच्या जानेवारींत दिल्लीच्याच एका प्रार्थनासभेंत पिस्तुलाच्या गोळ्यांनीं गांधीजींचा बळी घेतला होता. परक्या सरकारपुढें उभें राहून ‘आम्हांला शस्त्र द्या’ म्हणणें निराळें, आणि शेजाऱ्याच्या हातांतील शस्त्राची जबाबदारी स्वतः घेणें निराळें. माझ्या मतें घटनाकारांनीं निर्णय योग्यच घेतला. परंतु त्यानंतर कायद्यानें कुणब्याची अडचण कितपत दूर केली, हें तपासल्यावांचून त्यांची बाजू पुरी होत नाहीं.

१८७८ च्या कायद्याच्या जागीं १९५९ सालीं नवा कायदा झाला व तो १९६२ पासून अमलांत आला. त्यानें पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक आणि संरक्षण वा शिकार यांसाठीं ठराविक लांबीच्या नळीची साधी बंदूक मागणाऱ्याला इतरांहून सुलभ वाट ठेवली. कागदावर तरी कुणब्याचें म्हणणें ऐकलें गेलें. २०१६ च्या नियमांनीं परवाना मागणाऱ्यावर शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचीहि अट घातली. त्या शिक्षणाचें सार चार वाक्यांत मावतें. बंदूक नेहमीं भरलेलीच आहे असें समजावें. नळीचें तोंड कोणाहि माणसाकडे वळवूं नये. नेम धरीपर्यंत बोट चापावर नेऊं नये. घरीं बंदूक एका कुलपांत आणि काडतुसें दुसऱ्या कुलपांत ठेवावींत. येथें एक पेंच आहे. रात्रीं घरांत चोर शिरला म्हणजे कुलपांतली बंदूक वेळेवर हातीं येत नाहीं. आणि उशाखालची बंदूक चोराच्या आधीं घरांतल्या लहान मुलाच्या हातीं लागते. घराच्या रक्षणासाठीं बंदूक मागणाऱ्या सद्गृहस्थांनीं हा हिशेब अर्ज लिहिण्यापूर्वींच करावा. २०१९ सालीं कायदा आणखी आवळला गेला. एका परवानाधारकाजवळ तीन बंदुका असूं शकत, त्या दोनांवर आल्या. सरकारनें आधीं एकच सुचविली होती. लग्नांत वा मिरवणुकींत आनंदाच्या भरांत इतरांचा जीव धोक्यांत घालून बार काढणें हा वेगळा गुन्हा ठरला.

या सर्व इतिहासांत एक कोपरा निराळाच राहिला, तो कोडगूचा, म्हणजे जुन्या कूर्गचा. तेथील कोडव लोकांना १८६१ पासूनच हत्यारांच्या बंदींतून सूट मिळाली. ते कैलपोळ्द या सणाला बंदुकीची पूजा करतात. तेथें विळी किंवा अडकित्ता बंदुकीच्या जागीं येत नाहीं. मुलगा जन्मला कीं एक बार काढावयाचा, आणि घरांतलें माणूस गेलें कीं दोन, अशी त्यांची रीत आहे. ही सवलत इंग्रजांनीं राजनिष्ठेचें बक्षीस म्हणून दिली, असें म्हणून ती स्वतंत्र भारतांत कां चालावी, हा प्रश्न न्यायालयापुढें गेला होता. २०२१ सालीं कर्नाटक उच्च न्यायालयानें सवलत वैध ठरविली. केंद्र सरकारनें २०१९ सालीं तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविलेली आहे. ती मुदत भरेल तेव्हां कामत आणि आंबेडकर यांचा तो जुना वाद त्या डोंगरांत पुन्हां एकदां उभा राहील.